नळी घालणं आणि नळी राखणं

मेंदूच्या पोकळ्यांत आणि मज्जारज्जूभोवती स्वच्छ पाणी सतत झरत असतं. मोठ्या माणसात ते दिवसाला सुमारे अर्धा लिटर तयार होतं आणि तितकंच रक्तात परत शोषलं जातं. एका वेळी शरीरात असतं ते जेमतेम 150 मिलिलिटर. तान्ह्या बाळात तर 50 च्या आसपास. ही वाट कुठं अडली की पाणी तुंबतं आणि मेंदूवर दाब येतो. क्षयाचा मेंदूज्वर, अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतला रक्तस्राव, मेंदूच्या मागच्या भागातली गाठ, आधी बसवलेल्या शंटमध्ये (पाणी शरीरातच दुसरीकडे वळवणाऱ्या कायमच्या नळीत) शिरलेले जंतू, अशी त्याची कारणं अनेक. आपल्याकडे आईबाप एवढंच सांगतात, ‘डोक्यात पाणी झालंय.’

दाब तातडीनं उतरवायचा असेल, किंवा पाण्यात जंतू असल्यामुळे कायमचा शंट बसवता येत नसेल, तर सर्जन कवटीला भोक पाडून मेंदूच्या पोकळीत सिलिकॉनची मऊ नळी सोडतो आणि पाणी खाटेशेजारी टांगलेल्या पिशवीत काढतो. वॉर्डात तिला ईव्हीडी म्हणतात, किंवा नुसतं ‘ड्रेन’. नळी असते काही दिवसांपुरतीच. पण तेवढ्यात ती सरकली, जोडातून सुटली, पोरानं उपसून काढली, तर ज्या संकटातून मूल बाहेर काढलं त्यातच ते पुन्हा जातं. मग मेंदूतून दुसऱ्यांदा नळी घालावी लागते, आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

चोपडा तालुक्यातल्या वैजापूरच्या बाजूचं, सातपुड्याच्या कुशीतलं मूल आजारी पडलं तर त्याची वाट ठरलेली असते. आधी चोपड्याचं उपजिल्हा रुग्णालय, मग जळगाव किंवा धुळ्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तिथून गरज पडली तर नाशिक किंवा मुंबई. या वाटेवर नळी राखायची म्हणजे काय, आणि ते कोणाचं काम, यावर खाली दोन मतं समोरासमोर ठेवली आहेत. अप्पा चोपड्यात आयुष्यभर शस्त्रक्रिया केलेले सर्जन. पुतणी मुंबईत मुलांच्या न्यूरोसर्जरी वॉर्डात सिस्टर. दोघंही या लेखासाठी उभी केलेली माणसं आहेत, पण त्यांची मतं रुग्णालयांत रोज ऐकू येतात.

अप्पा : माझं म्हणणं सरळ आहे. घालणाऱ्याचा हात चांगला असला की नळी टिकते. भोक योग्य जागी, नळी योग्य खोलीवर, कातडीखालून दूरवर नेलेला बोगदा आणि बाहेर येते तिथं पक्का टाका. एवढं नीट झालं की बाकीच्यांनी फक्त हात लावू नये.

पुतणी : अप्पा, सर्जन थिएटरमध्ये नळीसोबत असतो तासभर. पुढचे सगळे दिवस-रात्री ती आमच्याकडे असते. पोर कूस बदलतं, चादर बदलायची असते, सीटी स्कॅनला न्यायचं असतं, दूध पाजायचं असतं. नळी निघते ती यातल्याच एखाद्या वेळी.

अप्पा : इतिहास काय सांगतो ते बघ. 1881 साली कार्ल वेर्निकेनं मेंदूच्या पोकळीतलं पाणी निर्जंतुक पद्धतीनं बाहेर काढलं, तेव्हापासून सगळ्यांना जंतूंची धास्ती. पुढे 1980 मध्ये अमेरिकेत फ्रीडमन आणि व्रीस यांनी नळी भोकातून थेट बाहेर न काढता कातडीखालून लांब नेऊन बाहेर काढली. 66 रुग्ण, 100 वेळा नळी, आणि जंतुसंसर्ग एकाही वेळी नाही, असं त्यांनी छापलं. फरक पाडला तो सर्जनच्या बोगद्यानं.

पुतणी : बोगद्याबद्दल माझा वादच नाही. त्यानं जंतूंची वाट लांबते आणि नळीला थोडी पकडही मिळते. पण तो ओढ सोसत नाही. मोठा रुग्ण बऱ्याचदा निपचित पडून असतो, त्याची नळी जागेवर राहते. मुलांचं उलटं. आलं तेव्हा पोर ग्लानीत असतं, हातही हलवत नाही. दाब उतरला की डोळे उघडतं, रडतं, उठून बसायला बघतं, आणि हात पहिला जातो तो डोक्याला ओढणाऱ्या त्या वस्तूकडे. मूल जितकं सुधारतं तितका नळीला धोका वाढतो. पहिल्या दिवशीचा बंदोबस्त चौथ्या दिवशी पुरत नाही.

अप्पा : मग टाके वाढव.

पुतणी : टाके वाढवून सगळं भागत नाही. ओढ कुठं पडते ते बघायला हवं. तुमच्या केळीच्या बागेत ठिबकची लॅटरल तुम्ही ताणून टाकता का? थंडीत आखडते आणि सबमेनच्या जोडातून निघते, म्हणून सैल सोडता. मुलाच्या डोक्यावर आम्हाला तीच ढील हवी असते. नळी कातडीतून बाहेर आली की तिथं एक टाका. मग ती सरळ खाली न सोडता डोक्यावरच तिचा एक पूर्ण वेढा घ्यायचा, रुपयाच्या नाण्याहून मोठा, म्हणजे नळीला कुठं मोड पडत नाही. तो वेढा दोन-तीन जागी वेगवेगळ्या टाक्यांनी धरायचा. पोरानं हिसका दिला तर आधी वेढा आवळतो, एखादा टाका सुटतो, आणि मेंदूतलं टोक जागेवर राहतं. तेवढ्यात आम्ही पोहोचतो.

अप्पा : वेढा मला पटला. पण तुझ्यासारख्या उत्साही माणसांना एक सांगतो. सहा महिन्यांच्या बाळाच्या डोक्याची कातडी किती पातळ असते हे मी हातानं अनुभवलंय. पाणी साठून डोकं मोठं झालेलं असलं की ती आणखी ताणलेली, चकचकीत. तिथं टाका आवळला की कातडी कापली जाते. प्रत्येक टाक्याचं भोक म्हणजे पाणी झिरपायला आणि जंतू शिरायला आणखी एक जागा. आणि सिलिकॉन मऊ असतं. दोरा जास्त घट्ट बसला तर नळी बाहेरून धरलेली दिसते आणि आतून बंद असते.

पुतणी : खरंय, आणि हे नव्या डॉक्टरांना सांगावंच लागतं. दोरा नळीला नुसता रुतावा, तिला चिमटू नये. प्रत्येक गाठीनंतर पाणी ठिपकतंय ना, ते बघूनच पुढची गाठ. वेढ्याखाली कातडी लाल होते का, हेही रोज बघावं लागतं, कारण बाळ त्याच बाजूवर झोपलं तर तिथं जखम होते.

अप्पा : मोठ्यांमध्ये कवटीत स्क्रूसारखा बोल्ट बसवून त्यातून नळी नेतात. ती सहसा हलत नाही. मुलांना का नाही?

पुतणी : थोड्या मोठ्या मुलांत बसवतात. तान्ह्या बाळाची कवटी पातळ, टाळू उघडी. बोल्टला धरायला हाड पुरत नाही. ज्यांना सर्वांत जास्त गरज, त्यांच्यापुढं टाका, वेढा आणि लक्ष याशिवाय मार्ग नाही. म्हणून तर मी म्हणते, बांधणं हा शस्त्रक्रियेचाच भाग धरा. शेवटची पाच मिनिटं घाईत, ज्युनिअरच्या हाती सोडायची नाहीत.

अप्पा : हे मी मान्य करतो. पण बांधून झाल्यावर तुम्ही रोज पट्टी उघडता त्याचं काय? जितक्या वेळा हात लागतो तितक्या वेळा जंतूंना आमंत्रण.

पुतणी : रोज उघडायची नाहीच. पारदर्शक ड्रेसिंग लावलं तर न उघडता आतलं दिसतं. ते ओलं झालं, मळलं किंवा कड सुटली तरच बदलायचं, तेही दोघींनी मिळून. एकीनं फक्त नळी धरायची, दुसरीनं ड्रेसिंग काढायचं. चिकटपट्टी ओढताना नळीच बाहेर आली, असं एकटीनं काम करताना होतं. आणि ओल्या ड्रेसिंगवर नुसता आणखी एक गॉज चढवायचा नाही. ओल म्हणजे पाणी नळीबाहेरून येतंय. नळी सरकली असेल किंवा तुंबली असेल. त्या वेळी सर्जनला बोलवायचं, रात्रीचे किती वाजलेत ते बघायचं नाही.

अप्पा : अर्धवट सरकलेली नळी कळते कशी? बाहेरून तर जागेवरच दिसते.

पुतणी : नळीवर सेंटिमीटरच्या खुणा असतात. कातडीपाशी कोणती खूण आहे ते थिएटरमधून निघतानाच केसपेपरवर लिहायचं. ड्युटी बदलताना दोन्ही सिस्टरांनी खाटेशी उभं राहून तोच आकडा बघायचा. काल सहा होता आणि आज पाच आहे, म्हणजे नळी एक सेंटिमीटर बाहेर आली. मेंदूतल्या टोकाची छिद्रं पोकळीबाहेर यायला बाळाच्या बाबतीत फार अंतर लागत नाही.

अप्पा : आणि उंचीचं?

पुतणी : पिशवीच्या वर जो चेंबर असतो, त्याची उंची कानाच्या भोकासमोरच्या छोट्या उंचवट्यापासून मोजतात. आम्ही त्याला झीरो म्हणतो. सर्जननं त्याच्या वर दहा सेंटिमीटर सांगितलं तर दहाच. नळी उघडी असताना मूल अचानक उठून बसलं, तर डोकं वर जातं, चेंबर खाली राहतो आणि पाणी भसाभस उतरतं. ज्याच्या अंगात एकूण पन्नास मिलिलिटर पाणी, त्याला ते सोसत नाही. मेंदू आकसतो, वरच्या शिरा ताणून फुटू शकतात. उलट खाट खाली केली आणि चेंबर वरच राहिला, तर निचरा थांबतो. म्हणून मुलाला उचलण्याआधी क्लॅम्प बंद, जागेवर आलं की झीरो पुन्हा लावायचा आणि क्लॅम्प उघडायचा. उघडायला विसरणं हेही तितकंच घातक.

अप्पा : इतक्या भानगडी आहेत म्हणून तर आमच्या काळी मुलाचे हात बांधायचे आणि आईला बाहेर बसवायचं. कठोर वाटेल, पण पोर वाचायचं.

पुतणी : हात बांधलेलं पोर शांत राहत नाही, अप्पा. ते किंचाळतं, अंग ताणतं, आणि रडण्यानं डोक्यातला दाब चढतो. आम्हालाही कधी कोपराला हलकी पट्टी किंवा हाताला कापडी मोजा घालावा लागतो, थोड्या वेळापुरता, आईला कारण सांगून. आई नसताना जे मूल दहा माणसांना आवरत नाही ते तिच्या मांडीवर गप पडतं. मांडीवर घ्यायचं असेल तर आम्ही सांगू तेव्हा, आधी क्लॅम्प, मग एकीनं मूल आणि एकीनं नळी.

अप्पा : आईला या तांत्रिक गोष्टी काय कळणार?

पुतणी : तिला झीरोचं गणित नको. चार गोष्टी पुरतात. आम्हाला हाक मारल्याशिवाय मुलाला उचलायचं नाही. पिशवीला, स्टँडला हात लावायचा नाही, नातेवाइकांनाही लावू द्यायचा नाही. उशी ओली दिसली, पाणी लाल झालं किंवा ठिपकायचं थांबलं तर लगेच सांगायचं. मूल झोपाळलं, उलटी केली, टाळू फुगली तर लगेच सांगायचं. हे मराठीत छापलेला कागद हातात देऊन होत नाही. खानदेशातली बाई ‘पोऱ्या नळी वढस’ असं अहिराणीत सांगते, पावरा आई तिच्या बोलीत सांगते. त्यांच्या बोलीत समजावणारं माणूस शोधावं लागतं, आणि मग तिच्याकडूनच परत म्हणून घ्यावं लागतं. वॉर्डात एका सिस्टरकडे कितीतरी खाटा असतात. त्या एका खाटेवर सलग नजर असते ती आईचीच.

अप्पा : यावर मी नंतर बोलतो. माझा मुख्य मुद्दा तू अजून ऐकलेला नाहीस. नळी राखण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे ती लवकर काढणं. 1984 मध्ये मेहॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पाच दिवसांनंतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. तुम्ही बांधायची शास्त्रं लिहीत बसता आणि नळी पंधरा दिवस राहते.

पुतणी : लवकर काढावी, हे शंभर टक्के खरं. रोजच्या राऊंडला पहिला प्रश्न तोच असावा, ‘आज ही नळी कशासाठी आहे?’ पण त्याच अभ्यासावरून पुढे दर पाच दिवसांनी नळी बदलायची पद्धत पडली, आणि 2002 मध्ये हाँगकाँगच्या डॉक्टरांनी तपासलं तर तशा ठरवून बदलण्यानं जंतुसंसर्ग कमी होत नव्हता. पुन्हा पुन्हा घालणं हाच एक धोका. आता याच्याशी माझं म्हणणं जोडून बघा. ओढली गेलेली नळी म्हणजे न ठरवता करावी लागलेली बदली, तीही रात्री, घाईत. नीट बांधलेली नळी मुदत लांबवायला नसते. जितके दिवस लागतात तितके दिवस ती एकच राहावी, यासाठी असते.

अप्पा : मग चांगल्या प्रतीचं साहित्य घ्या. 2019 मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमधला 1605 रुग्णांचा मोठा अभ्यास आला. प्रतिजैविक भरलेल्या शंटमध्ये जंतुसंसर्गामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण 2 टक्के, साध्यात 6 टक्के. पैसा खर्च केला तर फरक पडतो.

पुतणी : तो अभ्यास कायमच्या शंटचा होता, आणि त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. मिळत असेल तर जरूर वापरावं. पण पैशाबरोबर सगळं सुधारतंच असं नाही. लखनऊचे न्यूरोसर्जन डॉ. छाब्रा यांच्या नावाचा शंट शाहजहानपूरला बनतो. युगांडात डॉ. बेंजामिन वॉर्फ यांनी 195 मुलांत तो आणि त्याच्या कितीतरी पट महाग परदेशी शंट यांची तुलना केली, 2005 मध्ये छापली. वर्षभरानं पाहिलं तर निकालात फरक नव्हता. आणि नळी कितीही भारी असली तरी पोराच्या मुठीत आली की तिचा उपयोग संपला. वेढ्याला लागतो तो दोरा थिएटरमध्ये असतोच.

अप्पा : बरं. पण हे सगळं मुंबईचं झालं. चोपड्यातल्या माझ्यासारख्यानं याचं काय करायचं? इथं कोणी मेंदूत नळी घालणार नाही.

पुतणी : घालणार नाही, पण नळीवाल्या मुलाची गाठ पडू शकते. जळगावहून मुंबई रस्त्यानं चारशे किलोमीटरच्या वर. एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेताना नळी जागेवर असलेलं मूल अँब्युलन्समध्ये असतं. प्रत्येक गतिरोधकावर स्ट्रेचर उडतं. निघताना क्लॅम्प बंद केला आणि तसाच ठेवला, तर काही तासांत दाब चढतो. उघडा ठेवला तर पाणी वाट्टेल तसं वाहतं. किती वेळ बंद ठेवायचा, कधी थांबून उघडायचा, हे पाठवणाऱ्या सर्जननं लिहून द्यावं आणि सोबत जाणकार माणूस असावा. वाटेत जोड सुटला तर डोक्याकडच्या बाजूला क्लॅम्प बंद, उघडं टोक निर्जंतुक गॉजमध्ये, आणि तेच टोक परत जोडायचं नाही. नळी पूर्ण बाहेर आली तर परत आत ढकलायची नाही. भोकावर निर्जंतुक गॉजचा हलका दाब, डोकं थोडं वर, आणि जवळच्या रुग्णालयात. ते जवळचं रुग्णालय धरणगावचं असेल, अमळनेरचं असेल, तुमचंही असेल.

अप्पा : आणि शंट बसवून घरी आलेली मुलं?

पुतणी : ती तर आयुष्यभर तुमचीच. उलट्या, चिडचिड, झोपाळूपणा, ताप, शंटच्या वाटेवर लाली, खाली वळलेले डोळे. हे दिसलं की ‘पोट बिघडलंय’ म्हणून औषध देऊन घरी धाडायचं नाही.

अप्पा : तू मला बऱ्याच ठिकाणी हलवलंस. वेढा पटला, आकडा लिहिणं पटलं, आईला खाटेशी बसवणं पटलं. एक मात्र मी मान्य करणार नाही. आईनं क्लॅम्पला हात लावायचा नाही. कधीच नाही. चुकीच्या वेळी बंद झाला आणि कोणाला कळलं नाही तर मूल जाईल.

पुतणी : एरवी नाहीच लावायचा. पण समजा जोड सुटलाय, पाणी वाहतंय आणि सिस्टर दुसऱ्या खाटेवर आहे. तेव्हा डोक्याकडचा क्लॅम्प दाबून मोठ्यानं ओरडायचं, एवढं मी प्रत्येक आईला शिकवते. तिनं तो बंद केला हे आम्हाला त्याच क्षणी कळतं, कारण ती ओरडलेली असते. हात बांधून बघत राहायला मी तिला सांगू शकत नाही.

दोघांचा वाद इथं मिटत नाही, आणि तो ओढूनताणून मिटवण्याचं कारणही नाही. अप्पांची भीती खरी आहे: मुलाच्या मेंदूशी जोडलेल्या नळीला जितके हात लागतात तितक्या चुका होऊ शकतात. सर्जनचं कौशल्य, कमीत कमी दिवस, कमीत कमी हाताळणी, हे त्यांचे आग्रह कोणत्याही वॉर्डानं सोडू नयेत. पण माझा कौल पुतणीकडे आहे. नळीला हात अनेकांचे लागणारच. सर्जन, सिस्टर, वॉर्डबॉय, अँब्युलन्सवाला, आई, यांतला एकही टाळता येत नाही. मग त्यांना अडाणी ठेवण्यापेक्षा प्रत्येकाला आपापल्या वाट्याचं नेमकं काम शिकवणं हाच कमी धोक्याचा मार्ग आहे. आईला क्लॅम्प शिकवावा का, याचं उत्तर त्या वॉर्डात हाकेच्या अंतरावर किती सिस्टर आहेत यावर ठरेल. जिथं त्या पुरेशा नाहीत, तिथं शिकवावाच लागेल.

यासाठी नवं यंत्र लागत नाही. शस्त्रक्रियेच्या नोंदीत नळी कुठं, किती खोल घातली हे लिहितातच. त्याखाली ती कशी बांधली, कातडीपाशी कोणती खूण होती आणि कोणी तपासली, या तीन ओळी सक्तीच्या व्हाव्यात. दुसऱ्या रुग्णालयात पाठवताना त्याच ओळी मुलासोबत जाव्यात. आणि शिकाऊ डॉक्टरला नळी घालायला शिकवतात त्याच दिवशी, त्याच टेबलावर, ती बांधायलाही शिकवावी. मुलाच्या डोक्यातलं पाणी उतरवणं हे मोठं कौशल्य आहे. ते मूल सुधारून हातपाय झाडू लागेल त्या दिवशीही नळी जागेवर असेल, याची तजवीज आधीच करून ठेवली, तरच ते कौशल्य पुरं झालं असं म्हणता येईल.